शाळेची जमा बाजू

इस्लामपूर आणि आसपासच्या गावांतील काही घरांत आता एक मुलगा अमेरिकेत आणि एक गावात, अशी विभागणी झालेली दिसते. अमेरिकेतला मुलगा घर घेतो, तेव्हा त्याची किंमत ऐकून इकडे वडील चकित होतात. थोड्या अंतरावर तेवढेच घर कितीतरी स्वस्त मिळत होते, हेही त्यांना कळलेले असते. “एवढं कर्ज काढून तिथंच कशाला घेतलंस?” असे आण्णांनी विचारले, की पलीकडून उत्तर येते, “आण्णा, घर तसं साधंच आहे. पण या भागातली शाळा चांगली आहे.” त्याच सुमारास गावातला धाकटा भाऊ मुलीची खाजगी शाळेची फी, पुस्तके आणि बसभाडे यांचा हिशेब मांडत असतो. थोरला भाऊ शाळेचे पैसे घराच्या हप्त्यातून भरतो, धाकटा पावती घेऊन भरतो, फरक एवढाच. ज्याला हप्ताही झेपत नाही आणि फीही झेपत नाही, त्याच्या मुलांची शाळा कशावर चालते, हा प्रश्न मात्र दोन्ही घरांत सहसा निघत नाही.

शाळेविषयी बोलताना समाज निकाल, शिस्त, इंग्रजी आणि स्पर्धा परीक्षा यांविषयी बोलतो. शाळेच्या जमाखर्चाविषयी फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक, कोणत्या मुलाला कसे शिक्षण मिळणार, हे पुष्कळ अंशी त्या वहीच्या जमा बाजूवर अवलंबून असते. पैसा कोठून येतो, कोणत्या नियमाने येतो आणि कोणाच्या वाट्याला येतो, हे पाहिले की शाळेचे पुढचे चित्र बरेचसे कळून येते.

अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे शालेय शिक्षण ही मुख्यतः राज्यांची आणि स्थानिक मंडळांची जबाबदारी आहे. शाळांच्या एकूण खर्चात संघ सरकारचा वाटा साधारणतः दहाव्या भागाच्या आसपास असतो. उरलेला भार राज्य सरकारे आणि स्थानिक शाळा-जिल्हे उचलतात. तेथील शाळा-जिल्हा म्हणजे सांगली किंवा सातारा यांसारखा विस्तृत जिल्हा नव्हे. एखादे छोटे शहर, एखादे उपनगर, किंवा मोठ्या शहराचा एखादा भागही स्वतंत्र शाळा-जिल्हा असू शकतो. रहिवाशांच्या घराजमिनींवर बसणारा कर हे त्याच्या उत्पन्नाचे मुख्य साधन असते, आणि ते उत्पन्न त्याच हद्दीतील शाळांवर खर्च होते. आपल्या मुलांच्या शाळेसाठी आपणच कर भरायचा, हे तत्त्व वरवर पाहता निर्दोष वाटते. परंतु घराजमिनीची किंमत सर्वत्र सारखी नसते, आणि येथूनच विषमतेचा आरंभ होतो.

टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहरातील दोन शाळा-जिल्ह्यांचे १९६७-६८ या वर्षातील आकडे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नमूद आहेत. एजवूड या भागात प्रामुख्याने मेक्सिकन वंशाची कष्टकरी कुटुंबे राहत होती. तेथे मालमत्तेच्या प्रत्येक १०० डॉलर मूल्यामागे १.०५ डॉलर कर घेतला जाई. शहराच्या परिसरातील हा सर्वाधिक दर होता. राज्याच्या किमान योजनेतील स्थानिक वाटा भरल्यानंतर या करातून प्रत्येक विद्यार्थ्यामागे २६ डॉलर उरत. अलामो हाइट्स या सधन भागात कराचा दर ०.८५ डॉलर, म्हणजे कमी होता. तरीही तेथे विद्यार्थ्यामागे ३३३ डॉलर उरत. कारण उघड आहे. एजवूडमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची होती, तर अलामो हाइट्समध्ये ती ४९,००० डॉलरहून अधिक होती. राज्य आणि संघ सरकारची मदत मिळवूनही एजवूडमधील मुलावर वर्षाला ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्समधील मुलावर ५९४ डॉलर खर्च होत असत. ज्यांनी अधिक दराने कर भरला, त्यांच्याच मुलांना कमी मिळाले.

एजवूडमधील डिमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालकांनी १९६८ मध्ये या व्यवस्थेविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. खालच्या न्यायालयात ते जिंकले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र पाच विरुद्ध चार अशा मतांनी त्यांच्या विरोधात निर्णय दिला. अमेरिकेच्या राज्यघटनेने शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून दिलेला नाही, आणि ही विषमता दूर करण्याचा मार्ग राज्यांनी शोधावा, असा त्या निर्णयाचा आशय होता. विरोधी मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती थर्गुड मार्शल होते. वर्णभेदी शाळांविरुद्धचा १९५४ सालचा प्रसिद्ध खटला वकील या नात्याने त्यांनीच लढवला होता. पुढे १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या घटनेच्या आधारे ही व्यवस्था एकमताने अवैध ठरवली, आणि १९९३ मध्ये सधन शाळा-जिल्ह्यांच्या करातील काही भाग इतरत्र वळवणारा कायदा झाला. पालकांनी खटला दाखल केल्यापासून या कायद्यापर्यंत २५ वर्षे लोटली. खटल्याच्या वेळी प्राथमिक शाळेत असलेली मुले तोपर्यंत स्वतः आईबाप होण्याच्या वयाला पोहोचली होती.

जमिनीच्या उत्पन्नातून शाळा चालवण्याचा हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने या देशात खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. पुढे मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याबरोबर घेतल्या जाणाऱ्या स्थानिक कराचा काही भाग शाळांसाठी ठेवला जाऊ लागला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके याच व्यवहारावर बोट ठेवले. सरकारी तिजोरीत भर पडते ती मुख्यतः कष्टकरी शेतकऱ्यांच्या पैशाची, आणि शिक्षणाचा लाभ मिळतो तो वरच्या वर्गांना, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणीही त्यांनी केली. एजवूडच्या पालकांनी न्यायालयापुढे मांडलेली तक्रार आणि फुल्यांची तक्रार यांत ८६ वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे. हिशेब मात्र एकच आहे.

या हिशेबाला कृतीने उत्तर देणारा माणूस वाळवा तालुक्याशी नाते सांगणारा होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला; त्यांच्या घराण्याचे गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. जैन कुटुंबात जन्मलेले आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले भाऊराव पुढे सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे शिक्षणमहर्षी झाले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

भाऊरावांनी आपल्या संस्थेची जमा बाजू कशी उभी केली, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्यांच्याजवळ धनिकांच्या मोठ्या देणग्या नव्हत्या. घरोघरच्या स्त्रियांनी दळण करताना मूठभर धान्य बाजूला ठेवावे आणि ते वसतिगृहाला द्यावे, ही मुष्टिफंडाची योजना त्यांनी राबवली. मुलांनी शेतात, बांधकामावर काम करावे आणि त्या श्रमातून शिक्षणाचा खर्च भागवावा, हे कमवा आणि शिका या योजनेचे सूत्र होते. घरातले धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिले. एवढा स्वावलंबनाचा आग्रह असूनही शासनाची जबाबदारी संपली, असे भाऊरावांनी कधी मानले नाही. त्यांच्या शाळा सरकारी अनुदान घेत असत. १९४८ मध्ये मुंबई राज्याच्या सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हा लोकांनी वर्गणी देऊन संस्था तगवली. पण अनुदान परत मिळावे यासाठीचे प्रयत्नही सोडले नाहीत. संत गाडगे महाराजांनी त्यासाठी शब्द टाकला आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. लोकांची मूठ आणि शासनाची तिजोरी, या दोन्ही जमेच्या बाजूला असल्याशिवाय गरिबाची शाळा टिकत नाही, हा या साऱ्या इतिहासाचा बोध आहे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने जी व्यवस्था स्वीकारली, तिचे मोल अमेरिकेच्या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. अनुदानित शाळेतील शिक्षकाचे वेतन शासन देते. घरभाडे भत्त्यासारखे फरक सोडले, तर ऐतवड्यातील शिक्षकाची आणि पुण्यातील शिक्षकाची वेतनश्रेणी एकच असते. गावातील जमिनीला काय भाव आहे, यावर शिक्षकाचा पगार ठरत नाही. १९६२ पासून ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. तेथेही शिक्षकांच्या वेतनाचा भार राज्यानेच वाहिला. कृष्णा आणि वारणा या नद्यांमधल्या गावांतील शेतकऱ्यांची मुले शिकून अभियंते, डॉक्टर, अधिकारी झाली, त्यामागे ही व्यवस्था होती. आज अमेरिकेत घर घेणाऱ्या कित्येकांचे शिक्षण अशाच अनुदानित शाळांत झालेले आहे. शिवाय २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटातील मुलांसाठी शिक्षण हा आपल्याकडे मूलभूत हक्क झाला आणि त्यासंबंधीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. रॉड्रिग्ज यांना जो आधार मिळाला नाही, तो भारतातील मुलाला घटनेने दिलेला आहे.

असे असूनही या व्यवस्थेला गेल्या २५ वर्षांत तडे गेले आहेत. पहिला तडा वेतनेतर अनुदानाचा. शाळा म्हणजे केवळ शिक्षकांचे पगार नव्हेत. वीजबिल, पाणी, खडू, प्रयोगशाळेतील रसायने, ग्रंथालयाची पुस्तके, स्वच्छतागृहांची निगा, छपराची दुरुस्ती हा खर्च दर महिन्याला दारात उभा असतो. त्यासाठी मिळणारे वेतनेतर अनुदान २००४ पासून काही वर्षे बंद राहिले. २०१३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले ते पाच टक्क्यांच्या दराने, आणि तेही जुन्या वेतनाच्या हिशेबाने. बाजारभाव मात्र जुन्या हिशेबाने चालत नाहीत. २०२० मध्ये शिपायांची कायम पदे टप्प्याटप्प्याने संपवून त्यांऐवजी ठोक भत्ता देण्याचा निर्णय झाला. त्यानंतर शाळेची घंटा कोणी वाजवायची आणि आवार कोणी झाडायचे, हा प्रश्न मुख्याध्यापकाच्या टेबलावर येऊन पडला.

दुसरा तडा विनाअनुदानित धोरणाचा. या शतकाच्या आरंभी नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर परवानगी देण्याचे धोरण आले. २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला आणि २०१६ पासून पात्र शाळांना २० टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने अनुदान मिळू लागले. दरम्यान कित्येक शिक्षकांच्या उमेदीची वर्षे तुटपुंज्या मानधनावर, काहींची तर मानधनाशिवाय गेली. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा मार्ग खुला झाला. या शाळांची जमा बाजू पूर्णतः पालकांच्या फीवर उभी असते. त्यांपैकी अनेक शाळा मन लावून काम करतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्या शाळेची जमा पालकाच्या खिशावर ठरते, तिच्यात आणि घराच्या किमतीवर चालणाऱ्या अमेरिकन शाळेत तत्त्वतः फारसे अंतर राहत नाही.

तिसरा तडा पटसंख्येचा. अनुदानित शाळेतील शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवरून ठरतात. ऐपतदार घरांतील मुले फीच्या शाळेत गेली की पट घटतो. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. शिक्षक कमी झाला की उरलेल्या पालकांचा विश्वास डळमळतो आणि पट आणखी घटतो. ज्या पालकांचा शब्द गावात चालतो, ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांच्या ओळखी असतात, तेच आधी शाळा सोडतात. मागे ऊसतोड मजुराचे, शेतमजुराचे, विटभट्टीवर राबणाऱ्याचे मूल उरते. त्याच्या वतीने शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात जाणारे कोणी नसते. एजवूडच्या पालकांनी निदान एकत्र येऊन खटला भरला. येथील पालकाला एक दिवसाचा रोजगार बुडवणेही परवडत नाही.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तेच उद्दिष्ट पुन्हा सांगितले. ५४ वर्षांनी तेच उद्दिष्ट पुन्हा लिहावे लागते, यातच पुष्कळ काही आले.

अशा स्थितीत समाजाने काय करावे? आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशा चतुर्विध दानांत जैन परंपरेने ज्ञानाच्या दानाला मानाचे स्थान दिले आहे. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांना अग्रक्रम दिला, तो याच भावनेने. दानाची वृत्ती आजही ओसरलेली नाही. मात्र दान कोणत्या खात्यावर जमा होते, याचा विचार व्हायला हवा.

देणगीदाराला इमारत द्यायला आवडते. कमान, सभागृह, नवी खोली यांवर नावाची पाटी लागते, उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. हा भांडवली खर्च एकदाच होतो. त्यानंतर त्या खोलीतला दिवा लावण्याचा, ती झाडण्याचा आणि तिच्यातील संगणक दुरुस्त करण्याचा आवर्ती खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो, आणि त्यासाठी देणगी देणारा क्वचितच भेटतो. मग सुंदर प्रयोगशाळेला कुलूप असते आणि आतील उपकरणांवर धूळ साचते.

याला एक साधा उपाय आहे. समजा, एखाद्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून १० लाख रुपयांची कायम ठेव उभारली आणि तिच्यावर सात टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ७० हजार रुपये येतील. महागाईचा विचार करून त्यातील पाचवा हिस्सा, म्हणजे १४ हजार रुपये, मुदलात परत घालावेत. उरलेल्या ५६ हजारांत, म्हणजे महिना साडेचार हजारांहून थोड्या अधिक रकमेत, एखाद्या लहान शाळेचे वीजबिल, प्रयोगशाळेचे साहित्य आणि स्वच्छतेचे साहित्य यांना मोठाच हातभार लागेल. मुदलाला हात लावायचा नाही, व्याजाचा विनियोग ठरलेल्या बाबींवरच करायचा आणि दरवर्षी तपासलेला हिशेब शाळेच्या फलकावर लावायचा, या तीन अटी लेखी असाव्यात. हिशेब उघडा असला की देणगीदार पुन्हा येतो.

येथे एक सावधगिरीही हवी. ज्या गावचे माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईत किंवा परदेशात स्थिरावले, त्या गावची शाळा अशा ठेवीने सुधारेल. शेजारच्या गावात कोणी परदेशी गेलेले नसेल, तर ती शाळा तशीच राहील. म्हणजे फिरून अमेरिकेचाच प्रकार झाला. यासाठी निधीचा काही भाग तालुक्याच्या एका सामाईक खात्यात ठेवून, ज्या शाळेला माजी विद्यार्थ्यांचा आधार नाही तिला तो द्यावा. टेक्सासला यासाठी कायदा करावा लागला; वाळवा तालुक्यात हे काम समजुतीने होऊ शकते. मदत देताना मुलाची जात वा धर्म पाहू नये, हे तर भाऊरावांच्या तालुक्यात सांगण्याचीही गरज नाही.

दुसरी सावधगिरी अशी, की लोकवर्गणीमुळे शासनाचे कर्तव्य माफ होत नाही. देणगी देणाऱ्याने अनुदानाविषयी विचारण्याचा हक्क सोडू नये. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. तिच्या बैठकीला जावे, किती अनुदान मंजूर झाले आणि किती हाती आले हे विचारावे, निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला शाळेच्या वीजबिलाविषयीही विचारावे. स्वतःचे मूल फीच्या शाळेत असले, तरी गावची शाळा आपली आहे, असे मानणारी चार प्रतिष्ठित माणसे समितीच्या बैठकीला गेली तरी कागद हलू लागतात.

अमेरिकेतल्या मुलाने घराच्या हप्त्याबरोबर वर्षातून एकदा आपल्या जुन्या शाळेच्या ठेवीत भर घालावी, आणि गावातल्या मुलाने त्या ठेवीच्या हिशेबावर लक्ष ठेवावे, अशी वाटणी दोघा भावांत सहज होऊ शकते. लक्ष्मीबाईंनी दागिने दिले ते कोणत्या इमारतीसाठी दिले नाहीत. वसतिगृहात मुले जेवायची होती आणि घरात धान्य नव्हते, म्हणून दिले. तो निव्वळ आवर्ती खर्च होता आणि त्याची पाटी कोठेही लागली नाही. त्या जेवणावर वाढलेली मुले पुढे शिक्षक झाली आणि त्यांनी खेडोपाडी शाळा चालवल्या.